सारायेवोच्या तांबट आळीतून

सारायेवो,
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, मग आई मधे पडून थोडक्यात सांगते, आणि हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र. आई, रात्रीची जेवणं आटपली की बाबांच्या डाव्या कानाशी बसून मोठ्यानं वाच. उजवा कान ऐरणीनं खाल्ला, हे मला ठाऊक आहे.

चार दिवसांची सुट्टी जोडून मी म्युनिकहून इथे आले. एकटीच आले, आणि काळजीचं काही कारण नाही. रात्री दहा वाजतासुद्धा इथे बायकापोरं रस्त्यावर आइस्क्रीम खात फिरत असतात. सारायेवो म्हणजे बोस्नियाची राजधानी. आमच्या शाळेच्या इतिहासात 'साराजेव्हो' म्हणून यायचं: २८ जून १९१४, ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, पहिलं महायुद्ध. बाबांनीही तेच पाठ केलं असेल. ती जागा मी पाहिली, पण ते नंतर. आधी दुसरं सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला जुन्या बाजारात पोचले. बाशचार्शिया म्हणतात त्याला. दुकानांच्या फळ्या निघत होत्या, रात्रीच्या पावसानं दगडी फरशी ओली होती. मधोमध लाकडी नक्षीची पाणपोई आहे, तिचं नाव सेबिल, आणि तिच्याभोवती आपल्या कसबा गणपतीसमोर असतात तितकी कबुतरं. मी नकाशा उघडून उभी होते. तेवढ्यात शेजारच्या बोळातून आवाज आला. ठण् ठण् ठण्, मधे एक श्वासाएवढी उसंत, पुन्हा ठण् ठण् ठण्.

बाबा, नकाशा मी तसाच पिशवीत कोंबला. आवाज तांब्यावरचा आहे हे कळायला मला बघावं लागलं नाही. लोखंडावरचा कोरडा असतो, पितळेवरचा चिरका. तांब्याचा आवाज थोडा आत जातो आणि मग बाहेर येतो. हे तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत, पण आपल्या माडीवर अभ्यास करताना वीस वर्षं खालून तोच येत होता.

त्या बोळाचं नाव काझांजिलुक. काझान म्हणजे मोठा हंडा, काझांजिया म्हणजे तांबट. म्हणजे ही तांबट आळीच! इथे प्रत्येक धंद्याची आळी वेगळी. साराची ही खोगीरवाल्यांची, कोवाची लोहारांची, कुयुंजिलुक सोनारांची. कसब्यातून चालत निघालं की तांबट आळी, कुंभारवाडा, पुढे बुरूड आळी, बोहरी आळी लागते, तसंच. साडेपाचशे वर्षांपूर्वी इसा-बेग नावाच्या उस्मानी सरदारानं इथे वाडा बांधला, त्याच्याभोवती हे शहर उभं राहिलं. वाड्याला त्यांचा शब्द 'सराय', त्यावरून सारायेवो. आपण 'सराई' म्हणतो तोच शब्द.

बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना बसकी लाकडी दुकानं, दारांवर टांगलेली ताटं, कॉफीची भांडी, सुरया. पुढच्या दुकानांतला बराच माल साच्यातला, ते चकाकीवरूनच कळतं. आवाज येत होता तो मधल्या एका छोट्या दुकानातून. उंबऱ्याशी एक साठीचा माणूस बसला होता. लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेली आडवी लोखंडी ऐरण, तिच्यावर उपडं घातलेलं भांडं, हातात आखूड दांड्याची हातोडी. मी समोरच्या पायरीवर बसले आणि बघत राहिले.

हातोडी दर वेळी एकाच जागी पडत होती. डावा हात भांडं केसभर पुढे सरकवायचा, पुन्हा घाव, पुन्हा केसभर. चंद्रकोरीसारखे ठोके एकमेकांना टेकून एका ओळीत येत होते, ओळ पुरी झाली की वरची ओळ. मी सात-आठ वर्षांची असताना हट्ट करून तुमची हातोडी घेतली होती आणि कळशीच्या पोटावर इकडेतिकडे मारत सुटले होते. तुम्ही ओरडला नाहीत. माझं मनगट धरून म्हणालात, 'हात नको फिरवू बाळ, भांडं फिरव.' तीस-पस्तीस वर्षांनी, इतक्या दूर, तो माणूस भांडं फिरवत होता. माझे डोळे भरून आले. त्यानं हातोडी थांबवून काय झालं म्हणून खुणेनं विचारलं.

इथे नव्वदच्या दशकात झालेल्या युद्धाच्या काळात तो काही वर्षं जर्मनीत राहिलेला, त्यामुळे जर्मनमध्ये बोलता आलं. मी म्हटलं, माझे वडील हेच काम करतात. त्याला वाटलं, मी सौजन्यानं बोलते आहे. मग मी फोनवरचा तुमचा फोटो दाखवला, तो बंब घडवतानाचा, दादानं काढलेला. त्यानं चष्मा लावून फोटो मोठा केला. तुमच्या चेहऱ्याकडे नाही पाहिलं हो, आधी ऐरण पाहिली. मग ठोके पाहिले. मग आत जाऊन दुसरी खुर्ची घेऊन आला.

पुढचा तास कसा गेला ते सांगते. त्यानं भांड्याच्या आतल्या चकचकीत थराला बोट लावून म्हटलं, 'कलाय'. मी म्हटलं, 'कल्हई!' त्यानं एका डब्यातली पांढरी पूड दाखवली, 'निशादोर'. आमच्याकडे नवसागर, मी म्हटलं. तो हसायला लागला. मग आम्ही दोघं लहान पोरांसारखे शब्द काढत बसलो. त्यांचं दुचान आपलं दुकान, मेयदान म्हणजे मैदान, संदुक ती संदूक, बादेम बदाम, सापुन साबण, बक्शिश बक्षीस, दुश्मन तर दुश्मनच. पिशवीला ते 'केसा' म्हणतात, आपला खिसा त्याच घरातला. यातले बहुतेक शब्द फारसी-अरबीतून निघाले, काही तुर्कांबरोबर तिकडे गेले, काही बादशाही अमलात आपल्याकडे आले. मराठीत बोलत असताना आपल्या तोंडात इतकं दूरचं सामान असतं, हे मला त्या पायरीवर बसून पहिल्यांदा जाणवलं.

नंतर त्यानं माझ्यासमोर कल्हई केली. भांडं सांडशीत धरून विस्तवावर तापवलं, नवसागर भुरभुरला, पांढरा धूर उठला आणि तो नाकात झोंबणारा वास आला. आई, तो वास! शनिवारी तू वाळत घातलेले कपडे आत घ्यायला ओरडायचीस तो वास. मग कथलाची कांडी टेकवली, चांदीसारखा थेंब सुटला आणि कापसाच्या बोळ्यानं एका फिरकीत सगळीकडे पसरला. लाल भांडं आतून पांढरं झालं. पाण्यात बुडवल्यावर चुर्र आवाज आला, तेव्हा त्यानं आणि मी एकदमच मान हलवली.

त्याच्या दुकानात एका फळीवर पितळेच्या उंच नळकांड्या होत्या, त्यांवर मशिदी, पूल, वेलबुट्टी कोरलेली. मला फुलदाण्या वाटल्या. त्या तोफगोळ्यांची टरफलं आहेत. युद्धात शहराच्या आजूबाजूला खच पडला होता, तो गोळा करून इथल्या कारागिरांनी त्यावर नक्षी काढली आणि विकली. बंदुकीच्या काडतुसांची पेनंही मिळतात. हातात घेतल्यावर बुडाशी छापलेले आकडे दिसले आणि मी ते खाली ठेवलं. मला विकत घेववेना. त्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, पितळ फार उत्तम असतं, सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त, छिन्नी लोण्यासारखी चालते. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, 'माझ्या वडिलांनी पहिलं कोरलं तेव्हा ते तीन दिवस जेवले नव्हते.'

त्या युद्धाबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर हे शहर कळत नाही.

आई, शहर वाटीसारखं आहे. मधून मिल्यात्स्का नावाची छोटी नदी, आपल्या मुठेपेक्षाही लहान, आणि चारही बाजूंनी डोंगर. समज की पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, सगळीकडून पुण्यावर तोफा रोखलेल्या आहेत आणि खाली पेठांमध्ये आपण राहतो आहोत. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, असा १४२५ दिवसांचा वेढा पडला होता. वीज नाही, नळाला पाणी नाही. लोकांनी बागांमधली झाडं तोडून जाळली, मग कपाटं, मग पुस्तकं. पाण्यासाठी बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर रांगा लागायच्या आणि त्या रांगांवरही गोळे पडायचे. २७ मे १९९२ ला पावाच्या रांगेवर पडले. ५ फेब्रुवारी १९९४ ला मार्काले नावाच्या भाजी मंडईत एका गोळ्यात ६८ माणसं गेली. मी त्या मंडईत गेले होते. गाळे पुन्हा भरलेले आहेत, कोबी, ढोबळी मिरची, अक्रोड, आणि मागच्या भिंतीवर नावं. एका आजीबाईंकडून मी सफरचंदं घेतली. त्यांनी एक जास्तीचं टाकलं.

मी तेव्हा दुसरीत होते. तुम्ही मला चतुःशृंगीच्या जत्रेला खांद्यावर घेऊन गेलात ते याच सुमाराचं, असं मला मंडईत उभं राहून आठवलं. काहीतरी फार अपराधी वाटलं, का ते सांगता येत नाही.

रस्त्यांवर, फुटपाथवर जिथे तोफगोळे फुटले, तिथे सिमेंटमध्ये पंजासारखे खड्डे पडले. जिथे माणसं मेली त्यातले काही खड्डे नंतर लाल राळेनं भरले. त्यांना सारायेवोचे गुलाब म्हणतात. कॅथेड्रलच्या समोर एक आहे. लोक त्यावर पाय देत नाहीत, चालता चालता सहज बाजूनं वळतात, आपण देवळाच्या उंबऱ्यावर पाय देत नाही तसे. एक पाच-सहा वर्षांचा मुलगा धावत येऊन नेमका त्याच्या कडेला थांबला आणि वळसा घालून पुढे धावला. त्याला कोणी काही सांगितलं नाही.

वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा, ६ एप्रिल २०१२ ला, मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. गेलेल्या प्रत्येकाची एक. मुलांच्या खुर्च्या लहान होत्या, त्यांवर लोकांनी खेळणी ठेवली. त्याचा फोटो मी पाहिला, फार वेळ नाही बघवला.

बाबांना बोगदा आवडला असता. विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात होता आणि त्याच्या पलीकडे मोकळा मुलूख. तेव्हा लोकांनी १९९३ मध्ये धावपट्टीच्या खालून बोगदा खणला, कुदळ-फावड्यांनी, दोन्ही टोकांकडून. लांबी सुमारे ८०० मीटर, उंची जेमतेम १.६ मीटर, रुंदी मीटरभर. त्यातून पीठ, औषधं, बंदुका, जखमी, शेळ्यासुद्धा गेल्या. पुढे तेलाची नळी आणि विजेची तारही टाकली. आता एका घराच्या खालचा थोडाच भाग बघायला ठेवला आहे. मला वाकून चालावं लागलं. आत शिरल्यावर मातीचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो आणि माणसं आपोआप बोलायची थांबतात.

आता तो १९१४ चा कोपरा. नदीवर लॅटिन पूल म्हणून दगडी पूल आहे, त्याच्या टोकाशी. इतका साधा कोपरा आहे की विश्वास बसत नाही. सकाळी युवराजाच्या गाडीवर एकदा बाँब पडून हुकला होता. नगरभवनातला सत्कार उरकून तो जखमींना भेटायला दवाखान्यात निघाला. रस्ता बदलल्याचं चालकाला कोणी सांगितलंच नाही. तो जुन्या ठरलेल्या वळणावर वळला, मग चूक कळून गाडी थांबवली, आणि समोर १९ वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप पिस्तूल घेऊन उभा. तिथे मी दहा मिनिटं उभी होते. त्या एका चुकलेल्या वळणानं पुढे आपल्याकडचीही किती पोरं मेसोपोटेमियात आणि फ्रान्सात जाऊन मेली. साताऱ्याकडच्या गावांत त्यांच्या नावाचे दगड आहेत.

तेच नगरभवन नंतर राष्ट्रीय ग्रंथालय झालं. व्हियेच्नित्सा म्हणतात. नदीकाठी पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांची भव्य इमारत. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तिच्यावर आगीचे गोळे टाकले आणि सुमारे २० लाख पुस्तकं आणि कागद जळाले. जळक्या पानांची राख शहरभर बर्फासारखी पडत होती, असं इथले लोक सांगतात. २०१४ मध्ये इमारत पुन्हा उघडली, रंगीत काचेचं छत, नवी नक्षी, सगळं जसंच्या तसं. मधल्या दालनात उभं राहून वर बघितलं की मन प्रसन्न होतं, पण कपाटं नाहीत. ते खटकत राहतं.

आई, तुझ्यासाठी खाण्याचं. इथे मटणाचं फार आहे, पण माझं काही अडलं नाही. मोठ्या ओट्यावर पीठ ताणत ताणत इतकं पातळ करतात की खालच्या कापडाची फुलं दिसतात. त्यात बटाटा भरून सुरळी करतात, सुरळीचा गोल वेटोळा करून तव्यात ठेवतात, वर साच नावाचं लोखंडी झाकण आणि झाकणावर निखारे. वर विस्तव, खाली विस्तव! आजी धोंडस करायची तसंच. त्याला क्रोम्पिरुशा म्हणतात आणि वजनावर विकतात. सोबत ताकाहून दाट दही. मांसाचा भरलेला असेल तरच 'बुरेक' म्हणायचं. मी बटाट्याचा बुरेक मागितला तर मावशींनी मला नीट समजावून सांगितलं, जशी तू पुरणपोळीला 'स्वीट पराठा' म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला समजावलं होतंस.

आणि कॉफी. छोट्या लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात येते, त्याला जेझ्वा म्हणतात. सोबत बिनकानाचा वाटीएवढा छोटा कप, फिल्जान. साखरेचा खडा कॉफीत टोक बुडवून दातानं तोडायचा आणि त्यावर घोट घ्यायचा. ती पटकन प्यायची नसते. आमच्या तांबटदादांनी कॉफी मागवली तेव्हा एक गिऱ्हाईक दारात आलं, त्यांनी त्याला बसायची खूण केली आणि कॉफी संपेपर्यंत भाव सांगितला नाही. मनाला येईल तसं, आपल्या सवडीनं करण्याला इथे 'चेइफ' म्हणतात. आपला कैफ तोच शब्द, पण आपल्याकडे त्याला नशा चढली.

काल संध्याकाळी पिवळ्या बुरुजावर गेले. तिथून सगळी वाटी खाली दिसते. उतारांवर पांढऱ्याशुभ्र दगडांची कबरस्तानं, इतकी की आधी वाटलं घरंच आहेत. सूर्य बुडाला, एका मिनारावरून बांग सुरू झाली, मग दुसऱ्या, तिसऱ्या. खाली गाझी हुसरेव-बेग मशिदीशेजारी एक घड्याळाचा मनोरा आहे, त्याचे काटे सूर्यास्ताला बारावर येतात. दिवस संपला की नवी गणती सुरू. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून एक माणूस अधूनमधून वर चढून हातानं ते घड्याळ लावतो. पिढ्यानपिढ्या कोणी ना कोणी लावत आलेलं आहे.

बाबा, आता जे लिहायचं होतं ते लिहिते.

गेल्या महिन्यात मी आणि दादानं फोनवर तुमच्या मागे लागून सांगितलं की दुकानातली हत्यारं काढून टाका, भंगारवाला किलोच्या भावानं घेईल, जागा भाड्यानं देता येईल. तुम्ही 'बघू' म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं नाही. आज कळतंय की ऐकू आलं होतं.

त्या माणसाच्या ऐरणीवर मधोमध एक खोलगट झिजलेली जागा आहे. मी बोट फिरवलं तर तो म्हणाला, ही वडिलांची, थोडी आजोबांची. वेढ्यात घरात जाळायला काही उरलं नव्हतं तेव्हा ऐरणीखालचा ओंडका जाळायचा का, असा विषय निघाला. अक्रोडाचा ओंडका, दोन रात्री ऊब झाली असती. त्याच्या आईनं जाळू दिला नाही. आपल्या ऐरणीवरही तशी जागा आहे. मी लहानपणी त्यात चिंचोके ठेवायची. त्यात तुमचे किती घाव आहेत आणि आजोबांचे किती, हे मी कधी विचारलं नाही. आणि ती विकायला मात्र सांगितली.

मला माफ करा. काहीही विकू नका. मोगऱ्या, हातोड्या, भाता, सगळं तसंच राहू द्या. दादाशी मी बोलते. दुकानाचं भाडं किती आलं असतं ते मी दर महिन्याला पाठवीन, आणि याला नाही म्हणू नका.

मी एक जेझ्वा घेतला आहे, त्याच्याच हातचा. तुमच्यासाठी आहे म्हटल्यावर त्यानं तो परत घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि दुसरा काढून दिला. निघताना त्यानं तुमच्यासाठी निरोप दिला आहे: कानात कापूस घालायला सांग, मीही उशिराच सुरू केला.

डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा घेऊन येते. आईच्या गुडघ्याचं तेव्हा डॉक्टरांना एकदा नीट दाखवू, तोवर जिने चढू नकोस. बाबा, जेझ्वाच्या आत कडेला एका ठिकाणी मला कल्हई पातळ वाटते आहे. माझं चुकतही असेल, तुम्ही हात लावून सांगा. पातळच असेल तर आपण मागच्या अंगणात बसून पुन्हा करू. भांडं मी फिरवीन. बोहरी आळीत नवसागर मिळतो का तेवढं बघून ठेवा.

तुमची,
मंजू